उलट नोंद

'नवीन' या शब्दाइतका जुना शब्द बाजारात दुसरा नसेल. साबणाच्या वडीवर तो असतो, चहाच्या पुड्यावर असतो, आणि आमच्या नाक्यावरच्या सलूनच्या पाटीवर तर तो इतकी वर्षं आहे, की 'न्यू'मधला अर्धा 'न' गंजून गळून पडला तरी गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं नाही. बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तर हा शब्द ऐकला की पोटात गोळाच येतो. नवीन परिपत्रक, नवीन फॉर्म, नवीन साहेब! पहिल्या दोहोंत निदान जुना मजकूर तरी असतो. तिसऱ्यात तोही असेलच असं नाही.

म्हणून २०२१ सालच्या डिसेंबरात आमचे भाचे डोळे मोठे करून "मामा, मॅकबुक प्रोचं डिझाइन संपूर्ण नवीन आलंय!" असं सांगू लागले, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला.

"कितीला?"

"एक लाख चौऱ्याण्णव हजार नऊशे."

'दोन लाख' हे शब्द कानावर पडू नयेत, अशी व्यवस्था या किमतीत केलेली होती. चपलांच्या दुकानात ही युक्ती आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

"तुझ्याकडे किती आहेत?"

"चव्वेचाळीस हजार नऊशे."

इतक्या नेमक्या आकड्यावरूनच मी ओळखलं, की गृहस्थ तयारीनिशी आले आहेत. उरलेले दीड लाख एक पतसंस्था देत होती. "फक्त जामीनदार हवा," भाचे म्हणाले.

फक्त जामीनदार! कर्जविभागात बसून मी जे जामीनदार पाहिलेत, त्यांच्यावर ग्रंथ होईल. कर्जदार येतो तो हसत येतो, पेढे घेऊन येतो आणि एकदाच येतो. जामीनदार दोन वर्षांनी येतो. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, पिशवीत वकिलाची नोटीस असते, आणि "साहेब, मी फक्त सही केली होती हो," एवढं एकच वाक्य त्याला पाठ असतं. देशातल्या जामीनदारांनी कधी संघटना काढलीच, तर बोधवाक्य ठरवायला समिती नेमावी लागणार नाही.

तरी मी सही केली. बी.कॉम. झालेल्या माणसाने करावी तशी, आकडेमोड करून केली. १२ टक्के दर, ३६ हप्ते, हप्ता ४,९८२ रुपये. म्हणजे दीड लाखाचे होणार १,७९,३५२. समोर तारण काय, तर संगणक. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. १,९४,९०० रुपयांचं यंत्र वर्षभरात कागदावर १,१६,९४० वर येतं आणि तीन वर्षांनी ४२,०९८ वर. बर्फाची लादी तारण ठेवल्यासारखंच हे. एका बाजूला कर्ज फिटत असतं, दुसऱ्या बाजूला लादी वितळत असते, आणि मधे ओल्या पायांनी जामीनदार उभा असतो.

तुम्ही म्हणाल, एवढं कळत होतं तर सही कशाला केली? त्याचं असं झालं. भाच्याचा धंदा लग्नाच्या फोटोंचा. २०२० साली लग्नं थांबली, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात नियम आला, की लग्नाला २५ माणसं आणि वेळ दोन तास. २५ मधून वधूवर, चार आईबाप आणि गुरुजी वजा केले की उरतात १८. त्या १८ जणांत आत्याला गाळून फोटोग्राफरला बोलवायची हिंमत कोणाची? ते वर्ष हा मुलगा ताईच्या स्कूटरवरून एका वाण्याचं सामान घरोघर पोचवत होता. मेहुण्यांनी 'आता नोकरी बघ' हा पाढा सुरू केला होता. ताईचा मला फोन आला, "तू बँकेत आहेस, तुझं ऐकेल. समजाव त्याला." मी समजवायला बसलो. तो सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा. फक्त दर रविवारी कॅमेऱ्याची बॅटरी काढून चार्ज करून ठेवायचा. "कशाला रे?" विचारलं तर म्हणायचा, "असू दे."

त्या 'असू दे'वर मी सही केली. पतसंस्थेच्या अर्जात कर्जाच्या कारणाचा रकाना होता, तिथे आम्ही 'व्यवसाय' असं लिहिलं.

यंत्र आलं ते ताईच्या हुकमावरून आधी आमच्याकडे आलं. हिने खोक्याला हळदकुंकू लावलं. माझी नजर मात्र भक्ताची नव्हती. तारण ठेवलेल्या मालाची पाहणी करायला गोदामात गेलेल्या अधिकाऱ्याची होती. पहिली गोष्ट वजन. स्वयंपाकघरातला काटा मागवला. १ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे किलोला १,२१,८१२ रुपये झाले. चांदीचा भाव तेव्हा किलोला साठ-बासष्ट हजारांच्या घरात होता. चांदीच्या दुप्पट भावाची वस्तू आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी बसली होती.

आकार म्हणाल तर पाटासारखा. सपाट, चारी कोपरे गोल केलेला, खाली चार ठसठशीत पाय. चौरंगच म्हणा ना. भाच्याने सांगितलं, की २०१६ साली आलेलं १३ इंची यंत्र १.३७ किलोचं होतं आणि जाडी १.४९ सेंटिमीटर, हे १४ इंची, १.५५ सेंटिमीटर जाड. दरवर्षी वस्तू बारीक करायची आणि किंमत जाड करायची, हाच उद्योगधर्म म्हणून ओळखीचा असलेल्या मला हे बाळसं पाहून बरं वाटलं. ही म्हणाली, "हाताला लागतं तरी काहीतरी." मध्यमवर्गात यापेक्षा मोठी प्रशस्ती नाही.

मग भाच्याने कडा दाखवायला सुरुवात केली. डावीकडे चुंबकाने चिकटणारी चार्जरची जागा, दोन थंडरबोल्ट आणि हेडफोनचं भोक. उजवीकडे कॅमेऱ्याचं एसडी कार्ड घालायची खाच, तिसरा थंडरबोल्ट आणि टीव्हीला जोडायचं एचडीएमआय. प्रत्येक भोक तो असं दाखवत होता, की जणू वेरूळची लेणी.

"हे सगळं नवीन?" मी विचारलं.

"हो. म्हणजे..." तो जरा अडखळला. "पूर्वी होतं. मग काढलं होतं. आता परत दिलंय."

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. सगळा उतारा काढला. चुंबकी चार्जर या कंपनीने आणला २००६ साली. एसडी कार्डाची खाच २००९ ची, एचडीएमआय २०१२ चं. २७ ऑक्टोबर २०१६ रोजी नवं डिझाइन आलं, त्यात ही तिन्ही गेली आणि हेडफोनचं भोक सोडलं, तर राहिली फक्त एकाच जातीची भोकं. तेही डिझाइन 'नवीन'च होतं. मग १८ ऑक्टोबर २०२१ रोजी दुसरं नवीन डिझाइन आलं, त्यात तिन्ही परत आली. मधली पाच वर्षं जगभरचे फोटोग्राफर एक पिशवी घेऊन हिंडत होते. तिच्यात कार्डासाठी एक जोड, टीव्हीसाठी दुसरा, पेनड्राइव्हसाठी तिसरा. त्यांना डोंगल म्हणतात. नवरी सडपातळ, पण तिच्यासोबत करवल्या तीन, आणि एखादी करवली ऐन मुहूर्तावर सापडत नाही, असला तो प्रकार.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात : जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. पण गेलेलंच परत आलं तर काय? त्याला आमच्याकडे उलट नोंद म्हणतात. एखादी रक्कम भलत्या खात्यात पडली, की खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. सरळ उलटी नोंद करायची आणि तपशिलाच्या रकान्यात लिहायचं, 'अमुक तारखेची नोंद उलटवली'. तो तपशील लिहिताना भल्याभल्यांचं पेन अडतं. खिडकीतून रोख एकदा बाहेर गेली, की मात्र उलट नोंद चालत नाही. गेली ती गेली.

या यंत्राची नोंद चोख उलटलेली होती. फक्त तपशिलाच्या रकान्यात 'नवीन' असं लिहिलं होतं, एवढंच. आणि त्यात एकट्या त्या कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. १९८५ साली अमेरिकेत कोका-कोलाने चव बदलली. लोकांनी असा काही गहजब केला, की ७९ दिवसांत जुनी चव 'क्लासिक' म्हणून परत बाजारात. आपल्याकडे एक रुपयाची नोट १९९४ साली छापायची बंद झाली आणि २०१५ साली पुन्हा करकरीत होऊन आली. (जाता जाता सांगतो, या एका नोटेवर गव्हर्नरांचं 'अदा करण्याचं' वचन नसतं. अर्थसचिवांची नुसती सही असते. थोडक्यात, बिनजामिनाची नोट.) आमच्या सोसायटीने कडुनिंबाखालचं बाकडं 'अडगळ' म्हणून हलवलं आणि चार वर्षांनी तेच बाकडं हिरवा रंग देऊन 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' म्हणून तिथेच बसवलं. उद्घाटनाला नारळ फोडला. ज्येष्ठ नागरिकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले. मला वाटतं, त्यांचंच बरोबर आहे. परत देणाऱ्याकडून माफीनामा लिहून घेत बसलं, तर पुढच्या वेळी कोणी परत देणार नाही.

पाहणी पुढे चालू. चार्जरची वायर दोन मीटर लांब, कापडी विणीची. टोक जवळ नेलं, की 'टप्' करून आपलं आपण चिकटतं आणि बारीक दिवा लागतो. भरत असताना नारिंगी, भरलं की हिरवा. भाचा म्हणाला, "मामा, आता पाय अडकवून बघ." दीड लाखाच्या जामीनदाराला पाय अडकवायला सांगणं ही थट्टा नव्हे, पण त्याने स्वतःच वायर खस्सकन ओढली. टोक सुटून फरशीवर पडलं आणि यंत्र जागच्या जागी. जपानमध्ये पाणी उकळायच्या विजेच्या भांड्यांना अशी चुंबकी वायर पूर्वीपासून असते, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी उकळतं पाणी अंगावर येत नाही. मला आमच्या काउंटरवरचं पेन आठवलं. तेही दोरीनेच बांधलेलं असतं, पण ते जाऊ नये म्हणून. इथे दोरी अशी बांधलेली, की वेळ आली तर सुटून जावी. जामीनपत्राचा मसुदा करणाऱ्या मंडळींनी हे यंत्र जवळून पाहावं, अशी माझी नम्र सूचना आहे.

झाकण उघडताच घंटेसारखा एक गंभीर स्वर निघाला. हिने नकळत हात जोडले. आत काळ्या चौकटीत काळ्या कळा. सगळ्यांत वरची रांग पूर्ण उंचीची, खरीखुरी दाबायची. २०१६ साली तिथे काचेची एक पट्टी आली होती. तिच्यावर कामानुसार चित्रं बदलायची, पण बोटाला काही लागायचं नाही, बघून दाबावं लागायचं. आणि आमच्या टायपिंगच्या क्लासात तर 'खाली बघायचं नाही' हा पहिला धडा. या यंत्रातून ती पट्टी गेली. अगदी डाव्या कोपऱ्यातली 'एस्केप'ची कळ २०१९ च्या १६ इंची यंत्रातच परत आली होती. मागोमाग आता अख्खी रांग आली. एस्केप म्हणजे सुटका. जामीनदाराने ती कळ दोनदा दाबून पाहिली. काही झालं नाही.

पडदा मात्र सुरेख. इतका, की भिंतीवरचा आमचा जुना कौटुंबिक फोटो एकदम दमट वाटायला लागला. फक्त वरच्या कडेला, बरोब्बर मधोमध, एक काळा तुकडा खाली उतरलेला. त्यात कॅमेरा असतो.

"हा बीम कसला?" मी विचारलं.

"नॉच म्हणतात त्याला. त्याने जागा खाल्लेली नाही, मामा. कॅमेरा होता तिथेच आहे, दोन्ही अंगांनी पडदा वर चढवलाय."

"म्हणजे गॅलरी आत घेतली."

"हं. तसंच."

मग माझी तक्रार मिटली. गॅलरी आत घेतली, की मधे बीम राहतोच, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. उलट त्या बीमची गंमतच वाटली. पडद्यावरचा बाण एका बाजूने त्याच्याखाली शिरतो, क्षणभर दिसेनासा होतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. बोरघाटातली आगगाडीच! मी पाच-सहा वेळा गाडी बोगद्यातून काढली. पाहणी पूर्ण झाल्याची खूण म्हणून मान हलवली.

"आता हे बघ," म्हणत भाच्याने पाकिटातून एक कार्ड काढलं. बोटाच्या पेराएवढं. ते त्याने उजवीकडच्या खाचेत सरकवलं आणि लगोलग पडद्यावर एक लग्न उभं राहिलं. करवली नाही, पिशवी नाही. एप्रिल २०२१ चं लग्न. त्या २५ माणसांत त्याला पंचविसावा म्हणून घेणारं एक कुटुंब निघालं होतं. पण लग्नानंतर महिन्याभरात त्या घरात दुःख झालं. फोटो कोणी मागितले नाहीत, यानेही विचारलं नाही. कार्ड आठ महिने त्याच्या कपाटात होतं. आता त्यांचा फोन आला होता.

पुढच्या रविवारी ती मंडळी आमच्याकडे आली. आमच्याकडे अशासाठी, की ताईकडे टीव्ही लहान. वधू, तिचे आईवडील आणि आजी. भाच्याने एचडीएमआयची वायर एका टोकाला यंत्रात खोचली, दुसऱ्या टोकाला आमच्या टीव्हीत, आणि फोटो सुरू झाले. मुंडावळ्या, अंतरपाट, ऐनवेळी पुढे सरसावलेल्या काकू. मंडळी हळूहळू हसायला लागली. मग एक फोटो आला. आजोबा. मुठीत अक्षता, मास्क हनुवटीखाली ओढलेला, तोंडभर हसू.

भाच्याचं बोट कळीवर होतं. आजी म्हणाल्या, "थांब. पुढे नको नेऊस."

तो थांबला. आमची ही चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. यंत्राला पंखा असतो म्हणतात, पण त्या वेळी तोही ऐकू येत नव्हता. बऱ्याच वेळाने आजी हळूच म्हणाल्या, "मास्क वर घ्या म्हणून मी सांगितलं होतं त्यांना."

चहा निवला. हिने तो परत नेला आणि दुसरा करून आणला. जाताना आजींनी भाच्याला विचारलं, "हा फोटो केवढा मोठा निघेल रे?" तो म्हणाला, "आजी, तुम्ही सांगाल तेवढा." पैशाचं बोलणं झालं नाही. जामीनदार या नात्याने मला तिथे खाकरायचा हक्क होता, पण घसा तयार नव्हता.

३६ हप्ते जानेवारी २०२२ ला सुरू झाले आणि डिसेंबर २०२४ ला संपले. एकही चुकला नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला मी सहज म्हणून भाच्याला फोन करत असे. "काय रे, जेवलास का?" तिकडून उत्तर यायचं, "जेवलो. हप्ता भरला." पतसंस्थेने कर्ज फिटल्याचा दाखला दिला, त्याची प्रत मी मागून घेतली आणि कपाटात, हिच्या दागिन्यांच्या डब्याखाली ठेवली. यंत्र अजून चालतं. कागदावर ते बेचाळीस हजारांचं झालंय, पण कागदाला काय कळतंय!

दाखला आणून दिला त्याच दिवशी भाच्याने हलकेच विषय काढला.

"मामा, गेल्या महिन्यात नवीन आलंय."

"डिझाइन?"

"बाहेरून हेच. आतून सगळं नवीन."

"काही परत दिलंय का?"

"काढलंच नव्हतं, तर परत काय देणार?"

"मग बस, चहा घे," मी म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं.